शेवटची डिस्क मी खोटी वाचली

शेखरदादा,

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून वाचतेच आहे. परवा धारहून परत येताना बसमध्ये खिडकीपाशी बसले होते. घाटाबिल्लोद मागे पडलं तेव्हा लक्षात आलं, मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या हळू आवाजात वाचते आहे, आणि त्याही मराठीत. ‘यहाँ ताज़ा दूध मिलता है’ आलं की ‘इथे ताजं दूध मिळतं’. शेजारच्या बाई पिशवी मांडीवर घेऊन जरा पलीकडे सरकल्या. मी गप्प बसले. थोड्या वेळाने ओठ आपोआप पुन्हा हलायला लागले. प्रत्येक पाटीनंतर मी क्षणभर थांबत होते, तू चूक काढशील म्हणून.

ही सवय तूच लावलीस. आम्ही देवासचे. पप्पा कारखान्यातल्या नोकरीसाठी नगरकडून इकडे आले, तेही तुझ्या वडिलांनी बोलावलं म्हणून. आमच्या कॉलनीत सगळी मराठी घरं, पण आम्हा मुलांची शाळा हिंदी, भांडणं हिंदी, स्वप्नंसुद्धा हिंदीच असतील. तुमच्याकडे धारला मात्र तीन पिढ्या संस्थानच्या कचेरीत गेलेल्या. तुमच्या घरात आत्याला ‘आत्याबाई’ म्हणायचं, पाण्याचा तांब्या ‘ठेवायचा’, ‘रखायचा’ नाही. मी सुट्टीत आले की पहिले दोन दिवस तोंड उघडायची भीती वाटायची. तू हसायचा नाहीस. नुसता योग्य शब्द पुन्हा म्हणायचास, जणू स्वतःशीच.

मी आठवीत होते त्या सुट्टीत तुझ्याकडे पहिलं मशीन आलं. टीव्हीला जोडायचं, वर कॅसेट खोचायची, लागली नाही तर काढून फुंकर मारायची. तू कॉलेजात होतास, आणि आतोबांना वाटायचं हे खूळ परीक्षेनंतर जाईल. ते गेलं नाही. बसस्टँडजवळच्या सलीमभियाच्या व्हिडिओ लायब्ररीत तू संध्याकाळ काढायचास. इंदूरहून महिना-दोन महिने जुनं मासिक यायचं, त्यात जपानमधल्या नव्या मशीनच्या बातम्या असायच्या, आणि त्या तुम्ही दोघं मिळून अशा वाचायचात की लोकांना वाटावं निवडणुकीचा निकाल आहे.

लाँचचा दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. जपानमध्ये नवं मशीन ज्या दिवशी विक्रीला यायचं, त्या दिवशी तू सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचास. आत्याबाई विचारायच्या, आज कुणाचं लग्न आहे का. तू मला सायकलवर घेऊन सलीमभियाकडे जायचास. दुकानात त्या मशीनचा मासिकातला फोटोसुद्धा अजून आलेला नसायचा. आपण तिघं चहा प्यायचो, पोहे खायचो आणि तू घड्याळ बघून सांगायचास, ‘आता तिकडे दुकानाचं शटर वर गेलं असेल.’ सलीमभिया मान डोलवायचा. ते मशीन धारला यायला वर्ष लागायचं, कधी दोन. पण तुझ्या मते आपण पहिल्या दिवसापासून त्यात होतो.

डोळ्यांचं आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला खेळातून कळलं. ज्या खेळात तुला कुणी हरवू शकत नव्हतं, त्यात कडेने येणारा शत्रू तुला दिसेनासा झाला. समोरचा दिसायचा, बाजूचा नाही. तू म्हणायचास, टीव्ही जुना झालाय. मग दिवेलागणीला उंबऱ्याला ठेच लागू लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, अंधार कडेकडून आत येत जाईल, औषध नाही. आतोबा त्या वर्षी खचले ते पुन्हा उठले नाहीत. तू मात्र गणिताच्या शिकवण्या तोंडी घ्यायला लागलास, आणि मुलं म्हणायची, सरांना फळ्याची गरजच नाही.

आतोबांच्या माघारी घरात तू आणि आत्याबाई दोघंच. मी देवासला नोकरीला लागले होते. रविवारी पहिली बस धरायची, इंदूरला बदलायची, दहाच्या सुमारास तुझ्याकडे. लग्नानंतर दर रविवार जमेना, मग एक आड एक. आईला वाटायचं मी आत्याबाईंच्या मदतीला जाते. खरं तर मी जपानी कार्टून वाचायला यायचे.

‘कार्टून’ म्हटलेलं तुला आवडायचं नाही, पण दुसरा शब्द आत्याबाईंना कळला नसता. डिस्कवर आवाज जपानी आणि खाली इंग्रजी ओळी. त्या ओळी तुला दिसत नव्हत्या. डब केलेली आवृत्ती चालली असती, मी आणूही म्हटलं होतं, त्यावरून आपण कितीदा भांडलो. तुझं म्हणणं, माणूस ज्या आवाजात रडला तोच आवाज ऐकायचा. म्हणून मी सतरंजीवर तुझ्या डाव्या बाजूला बसून ओळ आली की मराठीत सांगायचे. सुरुवातीला मी काय बोलायचे! ‘तो बोलतो की माझ्याने नाही होणार, ती गुस्सा होते.’ तू डोळे मिटून म्हणायचास, ‘बोलतो नाही, म्हणतो. गुस्सा नाही, रागावते.’ तोवर पुढच्या चार ओळी निघून जायच्या, मग मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. माझी मराठी तिथे तयार झाली, दादा. आज हे जे काही लिहिते आहे ते सगळं त्या सतरंजीवर शिकले. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत असेल असं धरून चालले.

त्या सगळ्यात तुला एक मालिका फार आवडली. डोंगरातलं एक गाव, तिथे देवळांसाठी घंटा ओततात. एक तरुण ओतारी असतो, त्याच्या हातच्या घंटेसारखी दुसरी घंटा नाही, आणि त्याला हळूहळू ऐकू येईनासं होतं. भट्टीवर कोळसा घालणारी एक मुलगी असते, तिला हे सगळ्यांच्या आधी कळतं. बस, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, राक्षस नाहीत. सलीमभियाने एक भाग बघून सांगितलं, ‘भिया, ये नहीं चलेगी.’

तू इंटरनेट कॅफेत जाऊन मुलांकडून तिकडचे खपाचे आकडे वाचून घ्यायचास. मला समजावून सांगितलं होतंस की टीव्हीवर दाखवतात ती नुसती जाहिरात, मालिकेचं जगणं-मरणं डिस्कच्या खपावर. खप झाला तर पुढचं पर्व, नाही तर तिथेच संपलं. म्हणून तुला त्या मालिकेची नक्कल चालणार नव्हती. सिंगापूरला असलेल्या तुझ्या मित्राकडून तू एकेक मूळ डिस्क मागवायचास. एकीवर जेमतेम तीन भाग. आपल्याकडच्या मशीनवर परदेशी डिस्क चालत नाही म्हणून सलीमभियाचा चिनी प्लेयर आणायचा, तो कुठल्याही देशाची डिस्क मुकाट्याने लावायचा. मी एकदा हसले. म्हटलं, तुझ्या एका डिस्कने काय होणार आहे. तू गंभीरपणे म्हणालास, धारमध्येही एक घर ही गोष्ट बघतंय, हे त्यांच्या हिशेबात कुठे तरी पडायला हवं.

आता ते सांगते जे टाळत आले.

नवं मशीन येणार होतं, आणि पहिल्यांदाच ते थेट इंदूरच्या दुकानात लाँच होणार होतं. तुला तोवर समोरचं एवढंसं भोक सोडून काही दिसत नव्हतं, तेही भर उजेडात. पण तुझा आवाज त्या रविवारी लहान मुलासारखा झाला होता. इतकी वर्षं आपण इथे बसून रांगेची कल्पना केली, आता खरोखर रांगेत उभं राहायचं, मी तुझ्याबरोबर यायचं, असं तू म्हणत होतास. मी आठवडाभर कामाने दमलेली, घरी सासूबाई आजारी, बसमध्ये उभी राहून आलेली. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘तुला काय उपयोग रे त्याचा? दिसणार तर काही नाही.’

तू म्हणालास, ‘हो, तेही आहे.’

तू सलीमभियाला घेऊन गेलास. रांग म्हणजे सात माणसं होती म्हणे. तरी तू दुकान उघडायच्या दोन तास आधी उभा होतास, इस्त्रीच्या शर्टात. पुढच्या वेळी मी आले तेव्हा मशीन लागलेलं होतं. काही झालंच नाही अशा थाटात तू माझ्या हातात रिमोट दिलास आणि म्हणालास, बघ कसा थरथरतो. मग मारामारीचा एक खेळ लावून तू नुसत्या आवाजावर, कुठल्या स्पीकरमधून पाऊल येतं ते ऐकून, मला लागोपाठ पाच वेळा हरवलंस. सलीमभिया टाळ्या वाजवत होता. मी हसत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. माफी मागायला तोच दिवस होता. मला वाटलं, तू विसरला असशील तर कशाला उकरा.

काही महिन्यांनी घंटेच्या मालिकेची शेवटची डिस्क आली.

आत्याबाई देवळात गेल्या होत्या. दुपारची वेळ, तू दार लोटून घेतलंस. भाग सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत भट्टीचा मालक त्या ओताऱ्याला समोर उभं करतो. खाली इंग्रजीत ओळ आली. ज्याला घंटा ऐकू येत नाही त्याचा या भट्टीला काय उपयोग, असं तो विचारत होता.

मी ती ओळ दोनदा मनातच वाचली. तू म्हणालास, ‘काय म्हणतो?’

मी म्हटलं, ‘म्हणतो, कान गेले तरी हात तुझेच हवेत. तू राहा.’

एकदा तसं म्हटल्यावर मागे फिरता येईना. पडद्यावर तो आपलं सामान बांधत होता आणि मी तुला सांगत होते की तो नवा साचा बांधतो आहे. बर्फावर पावलं वाजली तेव्हा तू विचारलंस, ‘ही कुणाची पावलं?’ मी म्हटलं, पोरं खेळताहेत. ‘बर्फात?’ मी म्हटलं, हो. वीस-बावीस मिनिटं मी एक आख्खी गोष्ट जागच्या जागी रचत गेले, आणि तू एकदाही माझा शब्द सुधारला नाहीस. शेवटी ती मुलगी रडते, मोठ्याने नाही, श्वास अडकतो तशी. तू म्हणालास, ‘मग ही का रडते?’

‘तो राहिला म्हणून.’

संगीत तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, ‘छान केलाय शेवट.’ आणि मला चहा टाकायला सांगितलंस.

त्या ‘केलाय’वर मी तीन वर्षं झोपले आहे आणि उठले आहे. कुणी केलाय, दादा? त्यानंतर कधी तरी तूच सांगितलंस की मालिकेचा खप झाला नाही, पुढचं पर्व येणार नाही. म्हणालास, ‘म्हणजे आता हाच शेवट.’ मी चुलीपाशी पाठमोरी होते. तेव्हाही बोलले नाही.

मग ती कावीळ. साधी आहे, पथ्य पाळा, असं सांगता सांगता इंदूरच्या दवाखान्यात हलवावं लागलं. मी दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा तुझ्या वॉर्डात टीव्ही आवाज बंद करून चालू होता. माझ्या पावलांवरून तू ओळखलंस. हाताची कातडी पिवळी पडली होती, बोलायला धाप लागत होती. तरी म्हणालास, ‘वैशू, टीव्हीवर काय चाललंय?’ बातम्या होत्या, कुठल्याशा धरणाचे दरवाजे उघडले होते. मी वाचून सांगत गेले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मधे एकदा मला वाटलं, आत्ता सांगावं. दोन्ही गोष्टी सांगाव्या. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली, आणि तू डोळे मिटून घेतलेस. मी खाली जाऊन आत्याबाईंसाठी इडली घेतली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

तेरावं झाल्यावर मी सलीमभियाचा प्लेयर परत द्यायला गेले. त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं जास्त आणि डिस्क कमी. त्याने मला स्टूल दिलं. बराच वेळ त्याने प्लेयरवरची धूळ रुमालाने पुसली. मग म्हणाला, ‘बेन, एक बात है. भिया ने मना किया था, पर अब किसके लिए छुपाऊँ.’

त्याने जे सांगितलं ते असं. मी ती डिस्क वाचली त्याच आठवड्यात तू ती घेऊन त्याच्या घरी गेलास. त्याची मुलगी कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. तिला बसवून तू तो शेवटचा भाग सगळाच्या सगळा हिंदीत वाचून घेतलास. एकदा नाही, दोनदा. ती पोर वाचताना रडली, तू नाही. उठताना एवढंच म्हणालास, ‘वैशू को मत बताना. उसने मेहनत की है.’

मी बसस्टँडवर न जाता परत तुमच्या घरी आले, दादा. मला कळत नव्हतं मी का जाते आहे. आत्याबाई ओसरीत कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, शेखरदादा तुम्हाला कधी त्या घंटावाल्याची गोष्ट सांगायचा का.

‘किती वेळा,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘मला झोप येत नसे तेव्हा सांगे.’

आणि त्यांनी ती गोष्ट मला सांगितली. माझी गोष्ट. ओतारी गावातच राहतो, मालक त्याला म्हणतो हात तुझेच हवेत, बर्फात पोरं खेळतात. दोनदा खरं ऐकूनही तू आपल्या आईला माझं खोटंच सांगत राहिलास, शब्द न बदलता. मी मान खाली घालून ऐकत होते. मग आत्याबाई पुढे गेल्या.

‘ती भट्टीवरची पोर आहे ना, ती एकदा त्याला टाकून बोलली होती. मग ती वर्षभर त्याच्याकडे नीट पाहीचना. आणि त्याला बिचाऱ्याला वाटे, ही अशी का वागते? त्याच्या मनात तर ते दुसऱ्या दिवशीही उरलं नव्हतं.’

हे त्या मालिकेत कुठेच नाही. मी वाचलेल्या खोट्यातही नाही. मी विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला. आत्याबाई म्हणाल्या, कोण सांगणार, शेखरने. मी पुन्हा विचारलं. त्यांनी वात हातातच धरली आणि आठवायचा प्रयत्न केला. ‘की दुसऱ्या कुठल्या गोष्टीतलं ते? माझा आताशा घोळ होतो, वैशाली.’

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही. तू ते माझ्यासाठी त्या गोष्टीत घालून ठेवलं होतंस, की आत्याबाईंनी दोन गोष्टी एकात कालवल्या, हे मला कधीच कळणार नाही. कधी वाटतं तूच ते. कधी वाटतं मला हवं तेच मी ऐकलं, जसं तुला द्यायचं तेच मी वाचलं. घरी भांडी घासताना तुझा आवाज येतो, ‘काय म्हणतो?’ आणि मी उत्तर द्यायला वळते.

सलीमभियाच्या मुलीने तुला हिंदीत खरं वाचून दाखवलं. मराठीत ते राहिलं आहे, आणि मराठीत वाचायचं काम माझं होतं. सलीमभियाने प्लेयर काही परत घेतला नाही, म्हणून तो आणि तुझी डिस्क घरी आणून आज लावून बसले आहे. सांगते.

मालकाने नाही म्हटल्यावर तो भांडत नाही. आपली हत्यारं पुसून फळीवर ठेवतो, कारण ती भट्टीची आहेत. पिशवी घेतो. पावलं वाजतात ती त्याचीच. ती मुलगी वेशीपर्यंत त्याच्या मागे जाते आणि त्याला थांबवत नाही. तो पाठमोरा चालतो आहे. तिला माहीत आहे त्याला ऐकू येत नाही, तरी ती हळू आवाजात म्हणते, ‘सावकाश जा. पुढे उतार आहे.’